मामाने जाळलेली पर्स

मी बनवते त्या प्रत्येक पर्सला एक छोटं कार्ड बांधलेलं असतं. ते मी लिहीत नाही. माझ्याकडे काम करणारी एक हुशार मुलगी लिहिते आणि त्यात 'निसर्गाशी संवाद', 'वस्तूचा पुनर्जन्म' असे शब्द असतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वारलंय. ती पर्स जुन्या ताडपत्रीची होती. ताडपत्रीचा निसर्गाशी झालेला संवाद म्हणजे ती सहा पावसाळे एका ट्रकवर भिजली होती.

प्रदर्शनाला येणारे लोक विचारतात, तुमची प्रेरणा काय? त्यांना परदेशातल्या एखाद्या शहराचं नाव हवं असतं. मी म्हणते, विटा. मग लिहून घेणारा थांबतो आणि तो जिल्हा कुठला, असं विचारतो. सांगली म्हटलं की वही मिटतो. म्हणून आता सगळं एकदा सरळ लिहूनच काढते.

आमचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, विट्याजवळच्या एका गावचा. त्या भागातले बरेच पुरुष गलाईच्या धंद्यात असतात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ गल्लीत जा, एक काळवंडलेली खोली असते, खोलीत भट्टी असते आणि भट्टीपुढे आमच्याकडचा कुणीतरी बसलेला असतो. मामाची खोली मदुराईला होती. सोनारांच्या दुकानातला केर तो विकत घ्यायचा. केर, कारागिरांची हात पुसायची फडकी, पायपुसणी, चटया. एकदा तर एका पेढीवरची, गिऱ्हाइकांनी बसून बसून झिजवलेली सतरंजीच त्याने उचलून आणली होती. हे सगळं जाळायचं, राख धुवायची, गाळायची, आणि शेवटी तळाशी तांदळाच्या कणीएवढं सोनं. ह्या धंद्यामुळे त्याची नजर बिघडली होती. एखादी वस्तू समोर आली की ती काय आहे हे त्याला दिसायचंच नाही. जाळल्यावर काय उरेल तेवढं दिसायचं. आमच्याकडे आला की सकाळी आई अंगण झाडत असताना तो केराच्या ढिगाजवळ उकिडवा बसायचा, बोटाने जरा ढवळायचा आणि "आक्का, ह्यात काय न्हाई," असं सांगून मग चहाला यायचा.

दुसऱ्या बाजूला आबा. माझे वडील. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले आणि इस्लामपूरपासून सायकलच्या अंतरावर ऊस करणारे. त्यांच्या मते वस्तूला मरण नव्हतं, फक्त बदली होती. बनियनची बदली फडक्यात व्हायची, फडक्याची सायकल पुसायला, तिथून चुलीवरचं भांडं उतरवायला आणि सरतेशेवटी कंदिलाच्या वातीत. म्हणजे शेवटी तेही जळायचंच, पण ड्यूटीवर.

ह्या सगळ्या बदल्यांतून एकच वस्तू सुटलेली होती, आबांची किटबॅग. जाड हिरवट कॅनव्हासची, खुंटीला टांगलेली, रिकामी. तिला हात लावायचा नाही असा घरात हुकूम होता. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा पलटणीतला नंबर होता. पलटणीत आबांच्याच नावाचे पाच जण होते, त्यामुळे सगळे त्यांना नंबराच्या शेवटच्या तीन आकड्यांनी हाक मारायचे. आबा दोनशे सतरा. लग्नानंतर आईला पाठवलेल्या पहिल्या पत्राखाली त्यांनी सवयीने २१७ एवढीच सही केली होती. आईने ते पत्र 'आमचं न्हाई' म्हणून पोस्टमनला परत दिलं होतं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि लोकांना पुन्हा लग्नं करायची हिंमत आली होती. मला कुंडलचं एक स्थळ आलं. विहीर बागायत, मुलगा लष्करात. मुलगा वाईट नव्हता. फोटोत तो सायकलला टेकून उभा होता आणि दोघांत सायकल जास्त बोलकी वाटत होती. मला मात्र सांगलीला जायचं होतं. तिथे शिवणकाम आणि हस्तकलेचा दोन वर्षांचा वर्ग होता आणि राहायला आत्याचं घर होतं. आबांना ही मागणी समजेना.

"शिवाय काय शिकायचं त्यात? सुई हाय, दोरा हाय. आत घालायची, भाईर काढायची."

मी तीन दिवस तोंड फुगवून बसले. आमच्याकडे तोंड फुगवण्याला अर्ज मानत. चौथ्या दिवशी आबांनी निकाल दिला. इस्लामपूरच्या महिला मंडळाने 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा ठेवली होती. साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या पत्नी बक्षीस देणार होत्या.

"बक्षीस आनलंस तर सांगली," आबा म्हणाले. "न्हाई तर मार्गशीर्ष."

मार्गशीर्ष म्हणजे कुंडल.

आईच्या लग्नातला शालू ट्रंकेत होता. उंदरांनी त्याची मधली बाजू खाल्ली होती आणि जरीची तार सोडली होती; उंदरांना धातूची आवड नाही. पदर आणि दोन्ही काठ शाबूत होते. आईने सुस्कारा टाकून ते मला दिले. मी पंधरा दिवस खपून त्याची एक पर्स शिवली. काठ एकाशेजारी एक जोडून बाहेरची बाजू आणि पदरावरच्या कोयऱ्या पुढे. बंद करायला काही नव्हतं म्हणून तोंडाला तात्पुरता कच्चा टाका घातला आणि आकार धरावा म्हणून आत उरलेल्या जरीच्या चिंध्या कोंबल्या. मग राहिलेल्या तुकड्यांबरोबर एका जुन्या धडप्यात बांधून फळीवर ठेवली. मला ती फार सुंदर वाटत होती. हे इथे नमूद करून ठेवते, कारण दुसऱ्या साक्षीदाराचं मत वेगळं पडलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी मामा आला. मी विहिरीवर धुणं धूत होते. परत आले तर परसात धूर. मामा शेगडीपुढे बसून फुंकणीने निखारे फुलवत होता आणि आई कौतुकाने बघत होती. निखाऱ्यांत त्याची मूस होती. मूस म्हणजे धातू वितळवायची मातीची वाटी. लोक गावाला जाताना दाढीचं सामान नेतात, मामा मूस न्यायचा.

"ये ये," मामा म्हणाला. "बघ तुज्या आईच्या लग्नातनं काय निघालं."

चिमट्याने त्याने मूस कलंडवली. दगडावर एक पांढरी गोळी घरंगळली. हरभऱ्याहून मोठी, सुपारीहून लहान. खरी चांदी.

"फळीवरच्या चिंध्या दिल्या त्याला," आई म्हणाली. "म्हटलं, कशाला उंदरांच्या तावडीत ठेवायच्या."

मी फळीकडे धावले. फळी रिकामी होती.

"आई, त्यात माझी पर्स होती!"

आईने तोंडावर पदर घेतला. मामाने फुंकणी खाली ठेवली आणि आठवू लागला.

"पर्स? पर्स कुटं हुती गं त्यात? एक चिंध्यांचं गठुळं तेवढं हुतं. तोंड शिवल्यालं."

"तीच पर्स!"

"अगं, पर्सचं तोंड कोन शिवतंय?"

"आकार धरायला शिवलं होतं!"

"आकार?" मामा खरोखर विचारात पडला. "आकार हुता व्हय त्याला?"

मी रडायला बसले. आईने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मुडद्या, पोरीचं मार्गशीर्षात लगीन लावतोस व्हय!" लग्न लावणं हा आपल्यावरचा आरोप होऊ शकतो हे मामाला कळेना. त्याने आपल्या परीने माझी समजूत काढली. "लय शुद्ध चांदी हाय गं. भेसळ न्हाई काय. तुज्या आजानं फसवलं न्हाई." आणि ती गोळी माझ्या तळव्यावर ठेवली. अजून कोमट होती.

त्यानंतरची चाळीस वर्षं मी जे काही करत आले त्याचा उगम ह्या अपमानात आहे. पर्स गेली त्याचं दुःख होतंच, पण एका अनुभवी माणसाने ती पर्स आहे हे ओळखलं नव्हतं, ते जास्त झोंबलं. आजही एखादी वस्तू पूर्ण झाली की मी ती टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकते आणि विचारते, मामाने ही जाळली असती का? बऱ्याचदा उत्तर हो असं येतं. मग उसवते. कार्ड लिहिणाऱ्या मुलीला मी हे एकदा सांगितलं. तिने 'डिझायनरची कठोर आत्मपरीक्षणाची परंपरा' असं लिहिलं.

तर, हातात चांदीची एक गोळी आणि उद्या दुपारी स्पर्धा. घरात आकार धरून ठेवील असं एकच कापड होतं, आणि ते खुंटीला होतं. आबा उसाला पाणी द्यायला गेले होते. मी किटबॅग काढली. आई म्हणाली, "मी काय बघितलं न्हाई," आणि खरंच भिंतीकडे तोंड करून दळण निवडत बसली.

कॅनव्हास कापायला कात्री चालेना, तेव्हा विळा घेतला. दाभणाने शिवला. मामा प्रायश्चित्त म्हणून मदतीला होता. मी त्याला म्हटलं, "मामा, ह्या गोळीचं बटण करून दे." त्याने हातोडीने ठोकून तिची चपटी चकती केली. खिळ्याने दोन भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मात्र तो घुटमळला.

"भोकाची चांदी वाया जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हनतीया," तो आईकडे बघून म्हणाला, जणू मी देव बाटवला होता. त्याने खाली वर्तमानपत्र पसरलं, भोकं पाडली, कागदावर पडलेले दोन कण बोटाच्या ओल्या टोकाने उचलले आणि आपल्या पाकिटात ठेवले.

दिवस मावळायच्या आत पर्स झाली. हिरवट, चौकोनी, दणकट, चांदीच्या बटणाची. वाहून न्यायला खांद्याचा पट्टा, तो बॅगेचाच. कापड पुरवायच्या घाईत नंबराचे शेवटचे तीन आकडे बरोबर पुढच्या बाजूला आले होते. सुंदर म्हणता आली नसती. पण जाळायला कुणी उचललीही नसती. उरलेली किटबॅग मी घडी करून खुंटीला अशी टांगली की लांबून अख्खी वाटावी. आबा आले, जेवले, झोपले. लांबूनच बघितलं असावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एस.टी.ने इस्लामपूरला गेलो. पर्स पिशवीत. मामाने टेरिलिनचा सदरा घातला होता आणि त्याला सोन्याची बटणं. आबा इस्त्रीच्या टोपीत.

स्पर्धा तीनला होती, म्हणजे अध्यक्षीणबाई साडेचारला आल्या. मग स्वागतगीत, मग दीपप्रज्वलन. वाऱ्याने समई दोनदा विझली आणि दोनदा टाळ्या झाल्या. पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या बाईंनी सांगितलं की पाहुण्यांना ओळखीची गरज नाही, आणि मग वीस मिनिटं ओळख करून दिली.

टेबलावर एकोणीस वस्तू मांडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी फुटक्या बांगड्यांचा मोर केला होता. एवढ्या एकाच रंगाच्या फुटक्या बांगड्या कशा मिळाल्या, असं आईने कौतुकाने विचारलं. "मिळतात कुठल्या? चार डझन नव्या आणून फोडल्या," त्या म्हणाल्या. आगपेटीच्या काड्यांचा एक राजवाडा होता. त्यासाठी पेट्या नव्या आणाव्या लागल्या होत्या, कारण वापरलेल्या काड्यांची टोकं काळी दिसतात. एका बाईंनी नवी परात आणून तिच्यावर निसर्गदृश्य रंगवलं होतं. टाकाऊ काय ते फक्त दृश्य होतं. माझ्या पर्सकडे बघून मंडळाच्या चिटणीस काकू, सांगलीकडच्या एका जैन व्यापाऱ्यांच्या घरातल्या, हळूच म्हणाल्या, "ही तेवढी खरोखरची जुनी दिसतीय गं." ती तक्रार होती की स्तुती, मला कळलं नाही.

मामा हात मागे बांधून टेबलाभोवती फिरत होता आणि प्रत्येक वस्तूपुढे थांबून निदान करत होता. "काचेचं काय न्हाई." "लाकूड. राख." परात त्याने वाजवून बघितली. डॉक्टरीणबाईंना तो अगदी सहानुभूतीने म्हणाला, "बाई, एवढी मेहनत केली, पन ह्यातनं काय निघत न्हाई बगा."

अध्यक्षीणबाई चिटणीस काकूंना बरोबर घेऊन एकेक वस्तू पाहू लागल्या. काकूंच्या हातात यादी. माझ्या पर्सशी आल्या, त्यांनी ती उचलली आणि त्यावरचा नंबर मोठ्याने वाचला.

"दोनशे सतरा!"

"येस सर!"

सभागृहाच्या मागच्या रांगेत आबा सावधानमध्ये उभे होते.

सगळे मागे वळले. काकू यादी चाळू लागल्या. "दोनशे सतरा कुठला हो? आपल्याकडे एकोणीसच आहेत." आबांना आता आपण का उभे आहोत ते कळलं. मग त्यांनी पर्स नीट पाहिली आणि किटबॅगेचं काय झालं तेही कळलं. ते बसले नाहीत. बसायचा हुकूम झाला नव्हता.

अध्यक्षीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्या हसल्या आणि विचारलं, "आणि हे बटण कशाचं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे आला. त्याने सगळं सांगितलं. शालू, उंदीर, चिंध्या, मूस. पर्स जाळल्याचं सुद्धा सांगितलं, आणि ती जाळण्यासारखीच होती हेही. बाईंना फार मौज वाटली. त्यांनी पर्स हातातच ठेवली होती, खाली ठेवली नव्हती, आणि आईने माझा हात धरला. त्या क्षणी सांगली दहा पावलांवर होती.

"म्हणजे तुम्हाला नुसती बघून जरीची पारख करता येते?" बाईंनी विचारलं.

"तेच काम हाय आमचं, बाईसाहेब."

त्यांनी खांद्यावरचा पदर पुढे घेतला. "मग ही सांगा बरं. अस्सल आहे. खास मागवलेली."

मी मामाच्या सदऱ्याला मागून ओढलं. आईने दुसऱ्या बाजूने ओढलं. पण मामा धंद्यात शिरला होता. त्याने पदराचं टोक दोन बोटांत धरलं, नखाने खरवडलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि रोगाचं नाव सांगताना डॉक्टर जसा आवाज खाली आणतो तसा आणला. मदुराईच्या बाजारात वीस वर्षं ओरडलेल्या माणसाचा खाली आणलेला आवाज होता तो. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"तांबं हाय, बाईसाहेब. वरनं नुसतं पानी दिलंय."

समई तिसऱ्यांदा विझली. ह्या वेळी टाळ्या झाल्या नाहीत.

पहिलं बक्षीस मोराला मिळालं, दुसरं राजवाड्याला, तिसरं परातीला. चिटणीस काकूंनी बाहेर पडताना माझ्या हातात पर्स दिली आणि मामाला बाजूला घेऊन विचारलं की तो परत कधी येणार आहे, त्यांच्याकडेही काही जुन्या साड्या आहेत.

परतीची एस.टी. मिळाली. मामा खिडकीबाहेर उसाकडे बघत बसला होता. आबांनी हात पुढे केला. मी पर्स दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि पलटणीत किट तपासतात तशी तपासली. आतून, बाहेरून, उलटी करून. पट्टा ओढून बघितला. बटण काढलं, लावलं, काढलं, लावलं. मग शिवणीवर बोट ठेवून गावाचा फाटा येईपर्यंत एकेक टाका पाहिला.

"हे काय?"

"टाके, आबा."

"हे टाके?" त्यांनी पर्स मामापुढे धरली. "दाजींना सांग, हे टाके हायत का हागवणीचा माग?"

दाजी म्हणजे मामाच्या लेखी आबाच. आबा रागावले की स्वतःविषयी तिऱ्हाइतासारखं बोलत.

"आवं, पोरीनं एका दिसात केलंय," आई म्हणाली.

"बक्षीस मिळालं?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मग हुकूम काय हुता?"

"मार्गशीर्ष."

आबांनी बटण लावलं. एस.टी. फाट्यावर थांबली, आम्ही उतरलो आणि वाटेने चालू लागलो. निम्म्या वाटेवर ते थांबले आणि वळले.

"किट फाडलं की शिक्षा असती. ठाऊक हाय?"

"न्हाई."

"ज्यानं फाडलं त्यानं तसंच नवं करून द्यायचं. जवर देत न्हाई तवर सुट्टी न्हाई. ना गावाला जायचं, ना लगीन, ना काय." त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. त्यांना ती बरोबर बसली. "मला माजी किटबॅग पायजे. व्हती तशी. सरळ टाक्याची. तुला येती करायला?"

"न्हाई येत, आबा."

"मग शिकावं लागंल." ते पुन्हा चालू लागले. "सांगलीला शिकवत्यात म्हनं."

मामाने मागून मोठा सुस्कारा सोडला. आई घरी पोचेपर्यंत चालता चालता दोनदा हसली.

कुंडलच्या मंडळींना आबांनी स्वतः पत्र लिहिलं. मी ते पाहिलं. 'मुलगी सध्या शिक्षेवर आहे, कधी सुटेल सांगता येत नाही,' एवढाच मजकूर होता. कुंडलकरांनी उलटटपाली दुसरी मुलगी पाहिल्याचं कळवलं. आबांच्या पत्राखाली सही होती, २१७.

दोन वर्षांनी सांगलीहून परतताना मी किटबॅग शिवून आणली. तोच कॅनव्हास, तेच माप, नंबरसुद्धा रंगवलेला. आबांनी ती उजेडात धरून तासभर तपासली आणि तळाच्या शिवणीत एक टाका दाखवला. "वाकडा." मी उसवून पुन्हा घातला. पुढच्या दिवाळीला त्यांना दुसरा सापडला. त्यानंतर दरवर्षी एक सापडत गेला, आणि त्या काळात मी पुण्याला गेले, दुकान काढलं, लग्नही माझ्या मनाने केलं. शिक्षा संपल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. नवी किटबॅग खुंटीला रिकामी टांगलेली असायची, तिला हात लावायचा नाही असा हुकूम होता.

फाडलेल्या किटबॅगेची पर्स मात्र ते शेवटपर्यंत खांद्याला लावून फिरले. तंबाखू, चुना, पेन्शनचे कागद, सगळं तिच्यात. मामा मदुराईहून आला की चहा घेता घेता बटणाकडे बघायचा.

"दाजी, ते बटन जरा ढिलं झाल्यागत वाटतंय. काढून देऊ का?"

"हात लावू नगंस," आबा म्हणायचे.